भाकरीच्या हिशेबात आईची मजुरी

सोलापूरची कडक भाकरी आता पाकिटात बसून पुण्या-मुंबईला जाते. मोहोळ तालुक्यातल्या बी.ए.च्या एखाद्या विद्यार्थिनीला विचारा, शंभर भाकरींना खर्च किती येतो? ज्वारी, दळण, जळण, पाकीट ती भराभर सांगेल. चुलीपुढं बसलेल्या आईची मजुरी मात्र तिच्या हिशेबात नसेल. घरचे हात फुकट धरले की तोट्यातला धंदाही फायद्यात दिसतो. एवढं कळायला बी.कॉम.च व्हावं लागतं का?

उद्योजकतेचं शिक्षण प्रत्येक शाखेत हवं, असं मी म्हणतो ते यासाठी. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२चा. कॉलेजात त्यांचे विषय इतिहास आणि अर्थशास्त्र. पदवी अर्धी सोडून ते बाहेर पडले आणि रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढं १९१९मध्ये सिंदिया जहाज कंपनी, १९४०मध्ये बंगळूरचा विमान कारखाना. पण त्यांच्या घरी पेढी होती. उधारी, व्याज, पत हे शब्द लहानपणापासून कानावर होते. कोरडवाहू घरातल्या मुलाच्या कानावर ते घालायचे कुणी? महाविद्यालयानंच.

त्यासाठी नवी वाट पाडायला नको. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे खुला ऐच्छिक विषय आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला ६० तास मिळतात. ते फळ्यावरच्या आराखड्यात घालवू नयेत. मराठीच्या मुलीनं पाकिटावरचा मजकूर लिहावा, रसायनशास्त्राच्या मुलानं भाकरी किती दिवस टिकते ते तपासावं, वाणिज्यच्या मुलानं वही ठेवावी आणि सगळ्यांनी मिळून आठवडे बाजारात माल विकावा. तुटलेल्या भाकरी, थकलेली उधारी, परत आलेली पाकिटं, सगळं वहीत उतरावं. गुण नफ्याला नकोत, वहीच्या खरेपणाला द्यावेत. तोटा झाला आणि तो कशानं झाला हे ज्यानं नीट लिहिलं, तो पास.

‘नोकऱ्या देता येत नाहीत म्हणून पोरांना धंद्याला लावता का?’ असं पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. सरकारी रिक्त जागा भरायलाच हव्यात, त्यातून कुणाची सुटका नाही. पण भरतीच्या तयारीत तिशी गाठलेला पदवीधर शेवटी कर्ज काढून दुकान टाकतोच. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण बँकेचं कर्ज हप्त्यानं फेडावंच लागतं. हा हिशेब त्यानं पहिल्यांदा लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन शिकावा, की विसाव्या वर्षी, शे-दोनशे रुपये गुंतवून?

मोहोळच्या महाविद्यालयांनी येत्या सत्रात एक तरी तुकडी सुरू करावी. प्रत्येकाच्या हाती कोरी वही द्यावी. आणि खर्चाच्या रकान्यात, ज्वारीच्याही आधी, आईचे तास लिहायला सांगावेत.