शिस्त हवी, म्हणे!

आमच्या कचेरीत दुपारच्या चहाला एक विषय वर्षातून चार वेळा तरी निघतोच. कोणी कचऱ्यावरून सुरुवात करतो, कोणी रस्त्यात वाटेल तशा लावलेल्या गाड्यांवरून, आणि बोलणे हटकून सालाझारपाशी येऊन थांबते. "पाखल्यांच्या वेळी शिस्त होती. लोक दारे उघडी टाकून झोपायचे." आज सरकारी नोकरीत असलेला एकही माणूस १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेला नाही, पण आठवण मात्र प्रत्येकाला स्वतःची असल्यासारखी असते. गेल्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याने त्यावरही कडी केली. म्हणाला, "आपल्या लोकांना दंडाच हवा. स्वातंत्र्य आपल्याला पचत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा पीत गप्प बसलो. ते गप्प बसणे टोचत राहिले, म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. मी सरकारी नोकर. १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नववा नियम मला सरकारी धोरणावर जाहीर टीका करू देत नाही. तेव्हा वाचकांनी ही टीका धोरणावर नसून एका सवयीवर आहे असे समजावे. त्या सवयीत मी स्वतः दरमहा पगार घेऊन सामील आहे.

ती शिस्त होती तरी कशी? छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई. लग्नपत्रिकासुद्धा! कुलदेवतेच्या कृपेने, चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक, यात राजद्रोह नेमका कुठे लपला असेल हे शोधायला एक अधिकारी पगार घेत बसलेला असे. (तो कारकून कसा असेल याचा मी कधी कधी विचार करतो. त्यालाही घर-संसार असेल, बढतीची वाट असेल.) सभेला परवानगी लागे, आणि ती मिळत नसे. डॉ. लोहिया १९४६ साली ज्युलियांव मिनेझिसांकडे असोळण्याला आले ते विश्रांतीसाठी. १८ जूनला मडगावात ते बोलायला उभे राहिले, तेव्हा फोर्तुनात मिरांद नावाच्या प्रशासकाने पिस्तूल काढले आणि लोहियांनी त्याला बाजूला सारले. हा प्रसंग आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या दिवशीचे भांडण परवानगीशिवाय सभा घेण्याचे आणि मनातले बोलण्याचे होते, हे आपण दरवर्षी लोहिया मैदानावर हार घालून विसरतो. त्याच लढ्यात त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची सजा देऊन पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. उघड्या दारांनी झोपणाऱ्यांनी तोंडे बंद ठेवली होती. चोराची भीती नव्हती, कारण सगळ्यात मोठ्या दंडुकेवाल्याला दार वाजवायची गरजच नव्हती.

आणीबाणीबद्दलही हेच ऐकू येते. गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणे. गाडी वेळेवर यावी म्हणून माणसाला विनाचौकशी कोठडीत टाकावे लागते, हा हिशेब मला अजून कोणी समजावून दिलेला नाही.

आता इंग्रजी वर्तमानपत्रे वाचणारी मंडळी म्हणतील, कारकुनाला लिबर्टेरियन वारे लागले. लागले आहे, थोडेसे. पण ते अमेरिकेतून आलेले नाही, आंबेठाणहून आले आहे. शरद जोशी टपाल खात्यातले सरकारी अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून चाकणजवळ कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतकऱ्याच्या गरिबीचे कारण शोधू लागले. त्यांना सापडलेले कारण असे की सरकार शेतकऱ्याला मदत करत नाही हे दुखणे नसून सरकार त्याला विकू देत नाही हे दुखणे आहे. भाव चढला की निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, लेव्ही. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही त्यांची घोषणा महाराष्ट्रात गाजली. गोव्यात आम्ही ती बातमी म्हणून वाचली आणि पान उलटले.

उलटणारच. आम्ही बेळगावहून येणाऱ्या भाजीवर जगणारे लोक. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. त्या दिवसांत कांदा स्वस्त मिळाला म्हणून मीही बाजारातून पिशवी हलवीत खूश होऊन आलो. माझ्या पिशवीतल्या त्या चार पैशांच्या बचतीसाठी नाशिकच्या कोणा माणसाला त्याचा स्वतःचा माल गिऱ्हाइकाला विकायला बंदी होती. तोच हुकूम माझ्या पगारावर आला असता तर? महागाई वाढली, सबब कारकुनांनी सहा महिने निम्म्या पगारात काम करावे! संघटनेचा मोर्चा आझाद मैदानावर त्याच दिवशी निघाला असता, आणि मी पहिल्या रांगेत असतो.

जोशींचे सगळे मला पटत नाही. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकावर १८६ विरुद्ध १ असे मतदान झाले. तो एक म्हणजे शरद जोशी. मी तिथे असतो तर १८७ वा झालो असतो. पण भरल्या सभागृहात एकट्याने हात वर करण्याची मुभा ज्या राज्यात आहे तेच राज्य मला हवे. आणि एक गंमत पाहा. १९८९ पासून आपल्याकडे पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणजे समाजवाद न मानणाऱ्याने पक्ष काढायचा तर पहिल्याच अर्जात खोटे लिहायचे. पुन्हा अर्जच!

दुसरीकडे लोहिया हाडाचे समाजवादी. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा त्यांनी आपल्याच मुख्यमंत्र्याचा, पट्टम थाणू पिळ्ळ्यांचा, राजीनामा मागितला. पक्षात फूट पडायची वेळ आली तरी हटले नाहीत. एक समाजवादी, एक समाजवादाचा वैरी. दोघांचा प्रश्न मात्र एक: सत्तेने आधी कारण द्यावे की माणसाने आधी परवानगी मागावी?

लिबर्टेरियन मंडळी जिथे चुकतात तेही सांगतो. त्यांना जुलूम फक्त सरकारी गणवेशात दिसतो. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून वाढलेले, तरी १८९१ मध्ये मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळक म्हणत होते की परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. स्वातंत्र्याची भाषा टिळकांच्या तोंडी होती, पण त्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातूनच सोडवायला हवे होते. ते काम कायद्याशिवाय झाले नसते.

आणि आपल्या खाणी? २००७ नंतरचे गोव्यातले सगळे खाणकाम बेकायदा होते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. नंतर नूतनीकरण करून दिलेले ८८ पट्टे फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केले. डोंगर पोखरून डिचोली-सांग्याकडची शेते गाळाने भरत होती, तेव्हा दंडा कुठे होता? हे मी म्हणत नाही, निकाल म्हणतो. नववा नियम शाबूत आहे. तेव्हा दंडा हवा म्हणणाऱ्यांना माझे विचारणे एवढेच, की तो उगारला कोणावर जातो ते कधी मोजले आहे का?

मी मोजले, कारण तो एकदा माझ्याच हातात होता. काही वर्षांपूर्वी एका वाड्यावरचा मुलगा जत्रेच्या नाटकासाठी अर्ज घेऊन आला. मराठी नाटक, गावचेच नट, देवळासमोरचा मांड. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते, रात्री दहानंतर बंद, वर्षातले पंधरा दिवस काय ती मध्यरात्रीपर्यंत सूट. २००० सालचे हे नियम मला मान्य आहेत. नाटकवेड्याइतकाच शेजारच्या आजाऱ्यालाही रात्रीवर हक्क आहे, आणि 'का' विचारले तर त्या नियमाला उत्तर देता येते. पण त्याच्या अर्जाला आमच्या यादीतला पाचवा कागद नव्हता. मी अर्ज परत केला. तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "म्हज्या आज्यान पाखल्यांकडेन परवानगी मागिल्ली, हांव तुमचेकडेन मागतां." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कागद घेऊन तो परत आला तेव्हा जत्रा होऊन गेली होती. त्या वर्षी तिथे नाटक झाले नाही.

नंतर मी तो पाचवा कागद कोणत्या नियमाखाली मागतो ते शोधायला बसलो. परिपत्रके चाळली, जुन्या फाइली काढल्या, निवृत्त झालेल्या एका हेडक्लार्कना फोन केला. नियम नव्हताच. पूर्वी कधी कोणा साहेबाने एका अर्जावर तो मागितला होता, पुढच्या कारकुनाने यादी टंकताना त्यात घातला, आणि मी तीच यादी संगणकावर उतरवून घेतली होती.

आता तो कागद मी यादीतून काढला आहे. वरून अजून कोणी विचारलेले नाही.