प्रश्न उद्भवत नाही

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या यादीला स्वतःची अशी एक भाषा आहे. अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, ती भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सदस्य या साच्यात विचारतो आणि मंत्री तितक्याच ठरीव साच्यात उत्तर देतो : होय, हे खरे नाही, अंशतः खरे आहे, आणि सर्वांत शेवटी, प्रश्न उद्भवत नाही. हे शेवटचे वाक्य मुळात निरुपद्रवी, कारकुनी वळणाचे. पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी असले म्हणजे पुढच्या भागांना उत्तर देण्याचे प्रयोजन उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दिल्लीत मात्र गेल्या काही वर्षांत या वाक्याला बढती मिळाली आहे. कारकुनाच्या टेबलावरून उठून ते थेट राज्यकारभाराच्या तत्त्वज्ञानात जाऊन बसले आहे.

१४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत श्रम खात्याला विचारण्यात आले की, टाळेबंदीत गावाकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या कुटुंबीयांना सरकारने काही भरपाई दिली आहे काय. त्या वेळचे श्रम राज्यमंत्री संतोष गंगवार यांचे लेखी उत्तर असे की, अशी माहिती ठेवली जात नाही; आणि ते लक्षात घेता भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. याच खात्याने याच अधिवेशनात एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा हिशेब राज्यवार तक्त्यासह दिला होता. म्हणजे जे घरी पोचले त्यांची मोजदाद झाली. जे पोचू शकले नाहीत त्यांची झाली नाही.

मराठवाड्याला हे मरण परके नव्हते. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी रुळाच्या कडेने पायी निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ, थकून रुळावरच झोपी गेलेल्या त्या मजुरांपैकी १६ जण मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. पंतप्रधानांनी शोक व्यक्त केला, राज्य सरकारांनी मदत जाहीर केली, चौकशीचे आदेश निघाले. चार महिन्यांनी श्रम खात्याच्या दप्तरात ते १६ जण नव्हते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, गंगवार यांच्या उत्तराला आठवडा उलटण्यापूर्वी रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी राज्यसभेत सांगितले की, ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जण मरण पावले. एका खात्याला मृत्यू ठाऊक आहेत, दुसऱ्याला नाहीत. आणि भरपाईचा प्रश्न नेमका ज्याला ठाऊक नाहीत त्याच्यापुढे जातो.

हे केवळ गबाळेपणाचे लक्षण मानणे भाबडेपणाचे होईल. संसदेच्या कामकाजाची रीत पाहिली म्हणजे या उत्तरातील धूर्तपणा उलगडतो. मंत्र्याने 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' असे म्हटले, तर ते आश्वासन ठरते. १९५३ पासून लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती आहे. दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे, न केल्यास मुदतवाढ मागावी, असा दंडक आहे. आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात हे खरे. तरी खात्याच्या मानेवर ते जोखड राहते, आणि जागरूक सदस्याला त्याचा दोर ओढता येतो. 'माहिती ठेवली जात नाही' या उत्तराला असे शेपूटच नाही. त्यात खोटे काही नसल्यामुळे हक्कभंग होत नाही, पुढचे वचन काही नसल्यामुळे आश्वासन होत नाही, आणि आकडा नसल्यामुळे पुरवणी प्रश्नाला धरायला काही उरत नाही. खोटे बोलणारा मंत्री एखादे दिवशी सापडू शकतो. न मोजणाऱ्या मंत्र्याला कशात पकडणार?

मोजण्याचे टाळता येत नाही तेव्हा शब्दकोश मदतीला येतो. २० जुलै २०२१ रोजी आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी राज्यसभेला कळवले की, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची नोंद कशी करावी याच्या सूचना केंद्राने दिल्या आहेत, राज्ये त्याप्रमाणे माहिती पाठवतात, आणि प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने विशेषत्वाने कळवलेले नाही. यातील 'विशेषत्वाने' हा शब्द फार मोलाचा आहे. भारतीताई या तेव्हा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशकात, या उत्तराच्या आधी सुमारे तीन महिने, २१ एप्रिल रोजी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयातील टाकीला गळती लागून प्राणवायूचा पुरवठा तुटला होता आणि किमान २२ रुग्ण गुदमरून मेले होते. पण ती 'गळती', 'अभाव' नव्हे! गोव्यात तर ११ मे रोजी पहाटे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २६ रुग्ण दगावल्याचे खुद्द तेथील आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. गोव्यातील सरकार केंद्रातील सत्ताधारी पक्षाचेच होते. दोन महिन्यांत ती पहाट दिल्लीच्या कागदावरून पुसली गेली.

आणि हा एकाच पक्षाचा दोष आहे असेही नाही. केंद्राच्या उत्तरावर गदारोळ झाला तेव्हा महाराष्ट्रात दुसऱ्या आघाडीचे सरकार होते, आणि त्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही राज्यात प्राणवायूच्या तुटवड्याने कोणी दगावले नाही, असाच निर्वाळा दिला. मृत्युपत्रकावर कारण म्हणून श्वसनक्रिया बंद पडणे लिहिले जाते. नळीतून काय येत होते याचा रकाना त्यावर नसतो. मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या साऱ्या यंत्रणेत हा रकाना कोठेच का नाही, हा प्रश्न केंद्राने राज्यांना विचारला नाही, राज्यांनी केंद्राला विचारला नाही. एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन सरकारांचे या एका बाबतीत किती सौहार्द!

२८ जुलै २०२१ चे उत्तर याच जातीचे, पण अधिक लाजिरवाणे. हाताने मैला साफ करण्याच्या कामात किती मृत्यू झाले, असे राज्यसभेत विचारले गेले. सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी असे मृत्यू झाल्याचे वृत्त नाही, असे उत्तर दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्याच खात्याने संसदेला सांगितले होते की, आधीच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० जण मेले. दोन्ही उत्तरे सरकारी अर्थाने खरी आहेत. २०१३ च्या कायद्यात हाताने मैला वाहणारा आणि गटारात उतरून 'धोकादायक सफाई' करणारा यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. म्हणून विषारी वायूने गटारात मेलेला माणूस एका व्याख्येत मेलेला असतो आणि दुसऱ्या व्याख्येत मेलेला नसतो. व्याख्यांच्या दोन ओळींमधील या फटीत सापडलेल्यांची जात कोणती, हे सांगण्याची गरज नाही. दलित पँथरच्या चळवळीतून वर आलेल्या नेत्याच्या सहीने हा कागद सभागृहात गेला, याचे वैषम्य त्या चळवळीला आपले रक्त देणाऱ्यांना किती वाटले असेल!

शेतकऱ्यांच्या वाट्याला वेगळे काही आले नाही. तीन कृषी कायदे मागे घेणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी संसदेने चर्चेविना मंजूर केले. दिल्लीच्या सीमांवरील वर्षभराच्या आंदोलनात सातशेवर शेतकरी मरण पावल्याचे शेतकरी संघटना सांगत होत्या. पंजाब सरकारने अनेक मृतांच्या वारसांना मदतही दिली होती. याच अधिवेशनात कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी लेखी उत्तर दिले : खात्याकडे याबाबत नोंद नाही, तेव्हा आर्थिक साहाय्याचा प्रश्न उद्भवत नाही. पंजाबकडे एक पत्र पाठवले असते तरी यादी मिळाली असती.

मंत्र्यांच्या बाजूने असे म्हटले जाते की, खात्रीलायक माहिती नसताना काहीतरी आकडा ठोकून देण्यापेक्षा 'नाही' म्हणणे प्रामाणिकपणाचे. युक्तिवाद वरवर सभ्य आहे. पण प्राणवायूच्या उत्तरावर टीकेचे मोहोळ उठल्यानंतर याच केंद्राने राज्यांना पत्रे लिहून अशा मृत्यूंची माहिती मागवली. आधी का मागवली नाही? उत्तर देण्यासाठी खात्याला किमान १५ दिवसांची आगाऊ सूचना मिळालेली असते. माहितीचा अभाव हा काही आकाशातून पडलेला दुष्काळ नव्हे. काय मोजावे आणि काय मोजू नये याचा निर्णय कोणी तरी, कोठल्या तरी फायलीवर घेतलेला असतो.

एकेकाळी या देशाच्या संसदेत आकड्यांवरून सरकार हादरत असे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसा गुंतवल्याबद्दलचा प्रश्न लोकसभेत आला, गुळमुळीत उत्तर मिळाले. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे सदस्य असूनही त्या उत्तराचा माग सोडायला तयार झाले नाहीत. न्यायमूर्ती छागला यांची जाहीर चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. १९६३ मध्ये डॉ. लोहियांनी देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे लोकसभेत ठणकावले, तेव्हा सरकारने १५ आण्यांचा आकडा पुढे केला. सरासरीच्या पोटात श्रीमंतांचे उत्पन्न दडवले जाते, हे त्या वादाने सामान्य माणसाला शिकवले. तीन आणे की पंधरा, याबद्दल मतभेद होता. पण मोजणे हे आपले काम नाही, असे पंडित नेहरूंचे सरकार म्हणाले नाही. २०१७-१८ च्या कुटुंबांच्या उपभोग-खर्चाच्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये सरकारने 'दर्जा' ठीक नसल्याचे सांगून प्रसिद्धच केला नाही. लोहिया तेव्हा लोकसभेत उभे राहिले असते, तर भांडण्यासाठी त्यांना सरकारी आकडाही मिळाला नसता.

जुलै १९७५ मध्ये, आणीबाणी जाहीर होताच बोलावलेल्या अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तास गुंडाळण्यात आला. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या नावाखाली तो पुन्हा गुंडाळला गेला. ओरड झाल्यावर तेवढी लेखी उत्तरे मान्य झाली. मजुरांच्या मृत्यूंविषयीचे उत्तर अशा अधिवेशनातले आहे, जिथे मंत्र्याला उभे करून 'माहिती का ठेवली नाही?' असा एक साधा पुरवणी प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. मात्र तास चालू असतानाही विरोधी बाकांवरचे चित्र फारसे अभिमानास्पद नसते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, त्यांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात, आणि कित्येक दिवस तेही घोषणांच्या कल्लोळात बुडतात. गोंधळ हे दुर्बळांचे शस्त्र असते हे मान्य. पण ११ ते १२ या वेळात घातलेल्या गोंधळाबद्दल सर्वांत जास्त कृतज्ञ मंत्रीच असतात. मधु लिमये सभागृहात उभे राहिले की सचिवांच्या कक्षात चुळबुळ सुरू होई, ती त्यांच्या आवाजामुळे नव्हे.

नागरिकाच्या हातातले साधनही दरम्यान बोथट करण्यात आले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात एक ओळ होती : जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. खासदार आणि खेड्यातला मजूर यांना एका पायरीवर आणणारी ही ओळ २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वगळण्याची तरतूद केली. हा बदल ज्या शांततेत झाला, त्याची जबाबदारी विरोधी पक्षांनाही टाळता येणार नाही.

तेव्हा काम प्रश्नाच्या मसुद्यापासून सुरू करावे लागेल. 'किती मेले?' असे विचारले की 'नोंद नाही' हे उत्तर तयारच असते. त्याऐवजी विचारावे : अमुक मृत्यूंची नोंद ठेवण्याचे आदेश खात्याने कोणत्या तारखेस काढले? काढले नसल्यास, न काढण्याचा निर्णय कोणत्या अधिकाऱ्याच्या स्तरावर झाला? राज्यांकडे माहिती मागवणारी पत्रे कधी गेली आणि उत्तरे कोणी दिली नाहीत? या प्रश्नांना 'उद्भवत नाही' हे उत्तर देता येत नाही. आणि प्रश्नामागे यादी हवी. सफाई कर्मचारी आंदोलनाने गटारांतील मृतांची नावे एकेक करून गोळा केली, ती घेऊन सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा केला, म्हणून २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूला १० लाख रुपये भरपाईचा आदेश मिळाला, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर गेली. ज्या विधवेला ते पैसे मिळाले तिच्या नवऱ्याचे नाव आधी एखाद्या कार्यकर्त्याच्या वहीत उतरले होते. ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, इमारतींच्या परांचीवर दर हंगामात माणसे मरतात. त्यांचे नाव, गाव, तारीख, मुकादम वा ठेकेदार कोण, पंचनामा झाला की नाही, एवढ्या पाच बाबी प्रत्येक तालुक्याच्या शाखेने लिहून ठेवल्या आणि अधिवेशनापूर्वी पुरेसे दिवस आधी आपल्या भागातील आमदाराच्या हाती दिल्या, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तर 'हे खरे आहे काय?' या प्रश्नाच्या पुढे त्याला नावे जोडता येतील.