निकाह झाला, पण पुरावा कुठे आहे?

उर्दू शिकवतो म्हणून पुण्यातले बरेच लोक जुने निकाहनामे वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. पोटगी, पेन्शन, पासपोर्ट, काहीतरी अडलेले असते. बहुतेकदा कागद आणणारी बाईच असते. खाली तिची सही किंवा अंगठा असतो, पण वर काय लिहिले आहे ते तिला वीस-तीस वर्षांनी प्रथमच कळते. मेहर ‘मुअज्जल’ लिहिलेला असतो. तो शब्द ‘ऐन’ने लिहिला तर मेहर लगेच द्यायचा, ‘हम्जा’ने लिहिला तर नंतर. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात! आणि काही जणींकडे तेवढाही कागद नसतो.

मग उरतो तो फक्त सहवासाचा आधार. अमेरिकेत कोलोरॅडो, टेक्सास, आयोवा अशा काही राज्यांत विधीशिवाय, नवराबायको म्हणून राहिल्याने झालेले लग्न कायदा मानतो; पेनसिल्व्हेनियाने मात्र १ जानेवारी २००५ पासून अशी नवी लग्ने मानणे बंद केले. आपल्याकडे त्या नावाचे लग्न नाही, पण गृहीतक आहे. दीर्घ सहवास आणि नवऱ्याने दिलेली कबुली यांवरून मुस्लिम विवाह गृहीत धरता येतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १८४४ मध्येच मान्य केले. १९७८ मध्ये बद्रीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याचे लग्न मानले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ‘विवाहसदृश’ नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण दिले. त्यासाठी काय सिद्ध करावे लागते, हे न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी निकालात सांगितले: समाजात पतीपत्नी म्हणून वावर, लग्नाचे वय, लग्नास दोघांची पात्रता, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहणे.

हे सगळे सिद्ध करायचे कोणी? तिनेच. शेजारी साक्षीला आणायचे, रेशनकार्ड शोधायचे, आणि समोरचा वकील तिच्या चारित्र्यावरच बोट ठेवणार. जिचा काझीसमोर, दोन गवाहांच्या हजेरीत रीतसर निकाह झाला, तिच्यावर ही पाळी का यावी?

‘शरियतमध्ये नोंदणीची अट नाही,’ असे सांगितले जाते. खरे आहे. नोंदणी नसली तरी भारतात निकाह वैध असतो. (इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे नुसता निकाह कायद्याने लग्नच ठरत नाही, हे २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने स्पष्ट केले. मुली तिकडे देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम सूरह बकराहमध्ये आहे. न दिलेला मेहर उधारी नाही तर काय?

उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणीची सक्ती केली, न केल्यास तुरुंगवास ठेवला. ते मला मान्य नाही. त्यात बाईच्या हक्कापेक्षा पाळतच जास्त दिसते. पण त्या रागापोटी आपल्याकडची साधी नोंदणी नाकारण्यात शहाणपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्वधर्मीयांच्या विवाहनोंदणीचा आदेश दिला. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा त्याआधीच होता. पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि काझींची सही, एवढेच लागते. मुदत नव्वद दिवसांची आहे, उशीर झाला तरी जादा शुल्क भरून नोंद होते. ज्यांचे गवाह अजून हयात आहेत, त्यांनी याच महिन्यात जाऊन यावे.