वाद की वितंडा?

रविवारची ग्रामसभा भरलेली असते. गावचा डोंगर कापून होऊ घातलेल्या बांधकामाचा विषय निघतो. एक वृद्ध शेतकरी उठून शांतपणे विचारतो, "डोंगर कापल्यावर पायथ्याच्या झरीचे काय होणार?" तत्काळ प्रत्युत्तर येते, "तुमचे घर कुठे आहे? डोंगरावरच ना?" सभेत हशा पिकतो, वृद्ध खाली बसतो आणि विषय निकालात निघतो. गोव्यातील ग्रामसभांना असे प्रसंग नवे नाहीत.

बोलणाऱ्याचे घर कुठे आहे, यावरून झरी आटेल की वाहील हे ठरत नाही. मूळ विषय सोडून भलतेच काढणे याला गौतमाच्या न्यायसूत्रांत 'अर्थांतर' असे नाव असून, ते पराभवाचे स्थान मानले आहे. आमच्या सभांत मात्र तेच विजयाचे साधन झाले आहे!

दुसरा प्रकार छलाचा. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी असलेला, असे कुणी म्हणावे आणि ऐकणाऱ्याने "याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?" असे विचारावे, हे त्याचे जुने उदाहरण. आज कुणी "खाणींवर मर्यादा घाला" म्हटले, की "म्हणजे तुम्हाला सर्व खाणी बंद करायच्या आहेत" असे त्याच्याच तोंडी घातले जाते.

तिसरा प्रकार याहून घातक. गोव्यात 2012 साली खाणी थांबल्या आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्या काळात 'खाण की उपासमार' असे दोनच पर्याय जनतेपुढे ठेवण्यात आले. उत्खनन किती व्हावे, शेतांत साचलेला गाळ कोणी उपसावा, ट्रकमालक व कामगार यांची सोय कशी लावावी, हे खरे प्रश्न या दोन टोकांच्या मधे होते. ते विचारलेच जाऊ नयेत, हाच अशा युक्तिवादाचा हेतू असतो.

तथापि हा दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. "तो बिल्डर आहे, सबब त्याचे आकडे खोटे" हा युक्तिवादही त्याच जातीचा. आकडे खोटे असतील तर ते तपासून दाखवावेत. किंबहुना, कुणाचा युक्तिवाद सदोष आढळला म्हणून त्याचे म्हणणेच खोटे ठरले असे मानणे, हादेखील हेत्वाभासच होय. सत्य बाजूचे वकीलही कधीकधी कच्चे असतात.

न्यायशास्त्राने सत्यासाठी होतो तो वाद, जयासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढते ती वितंडा, असा भेद केला आहे. आपण कशात सामील आहोत, हे ओळखण्यास पांडित्य लागत नाही. उत्तर देणारा खाली बसल्यावर प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले काय? मिळाले नसेल, तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि पुन्हा विचारावा. आधी उत्तर, मग हात वर. झरी आटल्यावर जिंकलेल्या वादाने कुणाचीही घागर भरणार नाही.