कॉम्प्युटर सतत क्रॅश होतोय? दोष विंडोजचा की प्रोसेसरचा?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. मशीन शाबूत होती. ती एक फाइल काढली की कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायचा. दोष निव्वळ सॉफ्टवेअरचा.

तीनच दिवसांनी इंटेलने जे मान्य केलं, ते जास्त गुंतागुंतीचं आहे. १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडायचे आणि मेसेज यायचा, व्हिडिओ मेमरी अपुरी. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डवर संशय घेतला, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं. प्रत्यक्षात मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसरच जास्त व्होल्टेज मागत होता. म्हणजे चूक कोडची, पण झिजली चिप! ऑगस्टपासून आलेले बायोस अपडेट पुढचं नुकसान रोखतात, झालेलं भरून काढत नाहीत.

मग ओळखायचं कसं? एखाद्या अपडेटनंतर किंवा एकाच अ‍ॅपमध्ये त्रास सुरू झाला, तर बहुधा सॉफ्टवेअर. कोऱ्या विंडोजवरही वेगवेगळे प्रोग्राम कोसळत असतील, तर हार्डवेअर तपासा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा. ते विंडोजशिवाय चालतं, त्यामुळे तिथे चुका दिसल्या तर विंडोज निर्दोष. स्क्रीनवरच्या मेसेजवर मात्र फार विसंबू नका. गाडी कुठे अडली ते तो सांगतो, का अडली ते नाही.

दुकानदार नवं ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणाला, तर आधी प्रोसेसरचं मॉडेल बघा. यातल्या बॉक्समध्ये मिळणाऱ्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने तीनवरून पाच वर्षं केली आहे. बिल शोधून ठेवा.