बुडबुडे, घाई आणि मुलांचे हात

मंडळाच्या दिवाळी बाजारात यंदा रेझिनच्या वस्तू बऱ्याच होत्या. पणत्यांची तबके, दारावरच्या पाट्या, लग्नातल्या हाराची फुले जपलेल्या चौकटी. लांबून सुरेख, जवळून पाहिले की आत साबुदाण्यासारखे बुडबुडे. घरात रसायनशास्त्राची पदवी आहे म्हटल्यावर तक्रारी आमच्याकडेच आल्या.

आमचे मत असे, की बुडबुडे काढत बसण्यापेक्षा होऊच न देणे बरे. इपॉक्सी रेझिन म्हणजे आपल्या दोन नळ्यांच्या अ‍ॅराल्डाइटचा पातळ भाऊ. एकदा घट्ट झाले की मेणासारखे पुन्हा वितळत नाही. आणि लग्नातला हार काही पुन्हा मिळत नाही.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. वहिनींच्या हारातला निशिगंध आम्हीच घालवला. जानेवारीचे गार गॅरेज, त्यात रेझिन काकवीसारखे दाट झालेले. वर आम्ही ते अंडे फेटावे तसे फेटले. फुलेही अर्धवट ओली होती.

अर्ध्या व्यासाचा बुडबुडा वर यायला चौपट वेळ घेतो, हे स्टोक्सच्या १८५१ सालच्या गणितातून निघते. भराभर ढवळण्याने बारीक बुडबुडे होतात आणि तेच अडकून राहतात. गॅसची ज्योत फिरवली तरी फक्त वरचे फुटतात.

म्हणून खोली २० ते २५ अंश ठेवावी. बंद बाटल्या आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवाव्यात. पाण्याचा थेंब मात्र आत जाऊ देऊ नये. फुले सिलिका जेलमध्ये पूर्ण वाळवून त्यांना आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात द्यावा. प्रमाण बाटलीवरचेच, जास्त हार्डनर घातल्याने काम लवकर होत नाही, वस्तू चिकट राहते. कडा खरवडत सावकाश ढवळावे, बारीक धारेने ओतावे. जाड थर एकदम ओतला तर तो आपल्याच उष्णतेने तापतो, तडकतो.

आता मुख्य मुद्दा. संक्रांतीला हॉलमध्ये मुलांची रेझिन कार्यशाळा घ्यावी अशी सूचना आली आहे. आमचा तिला विरोध आहे. न आळलेले इपॉक्सी कातडीला लागत राहिले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. खिडक्या उघड्या हव्यात, पण जानेवारीत त्या उघडल्या की हॉल गारठतो. म्हणजे बुडबुडे आलेच.

कार्यशाळा जूनमध्ये घ्यावी. मुलांनी साच्यात फुले, मणी मांडावेत. कालवणे आणि ओतणे नायट्राइलचे हातमोजे घालून मोठ्यांनीच करावे. मुलांचा थोडा हिरमोड होईल, पण संक्रांतीला त्यांच्या हाती तिळगूळ पुरे. पुढच्या सभेत यावर सर्वांनी आपले मत जरूर मांडावे.