सोसण्याचा उपदेश कोणाला?

बाईच्या जातीनें सोसावें, हें वचन आमच्या गोदाकांठच्या विष्णुपुरींत काय आणि साऱ्या मराठवाड्यांत काय, सासरीं निघालेल्या मुलीच्या ओटींत नारळाबरोबर घातलें जातें. हें दुखणें हिंदूंचेंच, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. ख्रिस्ती धर्मांतही तें आहे, आणि तेथें त्याला क्रुसाचा आधार देतात. ख्रिस्तानें दुसऱ्यांसाठीं मरण सोसलें, तेव्हां बाईनेंही आपला क्रूस निमूटपणें वाहावा, असें पाद्री पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

हा उपदेश पारखून घेणारी बाई आपल्याच मुलखांत होऊन गेली. पंडिता रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजीं विलायतेंत वाँटेज येथें ख्रिस्ती झाल्या. पुढें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावें अशी गोष्ट निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांनीं नम्रतेचे व आज्ञापालनाचे धडे दिले. १८८५ सालीं बाईंनीं उत्तर लिहिलें, त्याचा आशय असा कीं, भटांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्या पुरोहितांचें चढवून घेण्यासाठीं नव्हे; मलाही माझी बुद्धि व विवेक आहे. त्याच सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘सत्सारां’त बाईंची बाजू घेतली, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

मग बाई कष्टाला भ्याल्या काय? मुळींच नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या बायकामुली घेऊन आल्या. केडगांवास त्यांना विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्याचें काम शिकविलें. बाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर याच छापखान्यांत बायकांच्या हातून निघालें. हे कष्ट कोणी लादले नव्हते, आणि त्यांतून दुसरीच्या पोटांत भाकर पडली. कन्या मनोरमाबाई मात्र आयुष्यभर आईच्या कामास जुंपून घेऊन १९२१ सालीं आईच्या आधींच वारली. तो त्याग सर्वस्वीं तिचाच होता काय, असें आमच्या मनांत येतें.

१९६० सालीं व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीनें या दुखण्याच्या मुळावरच बोट ठेविलें. पुरुष धर्मपंडित गर्वाला मूळ पाप म्हणतात आणि स्वतःला विसरणें हें त्यावर औषध सांगतात; पण जिला स्वतःचें असें कांहीं उरूंच दिलें नाहीं, तिला हें औषध कसें लागावें? १९८९ सालीं जोआन कार्लसन ब्राऊन व रिबेका पार्कर यांनीं तर स्पष्टच लिहिलें कीं, यातनेलाच तारण म्हणून पूजिलें म्हणजे मार खाणारी बाई मारणाऱ्याच्या घरांतच राहते. यावर कित्येक श्रद्धाळू ख्रिस्ती बायका म्हणतात कीं, ख्रिस्तानें यातना मागून घेतल्या नव्हत्या. तो सत्तेपुढें खरें बोलला म्हणून त्याला खिळलें. आम्हांस हाच अर्थ पटतो.

आमच्या घरांत सर्वांच्या मागून जेवणारी, उरलें तर खाणारी बाई त्यागमूर्ति म्हणून वाखाणली जाते. तिनें तो त्याग केला कीं तिच्याकडून करविला, हें तिलाच विचारा. आणि विचारतांना सासू व दीर यांना शेजारीं बसवूं नका.